चव्हाट्यावरचा सौदा

आयर्लंडचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी होमरूल उभे राहते. लोकमान्यांनी १९१६ साली आपला स्वराज्यसंघ काढला, तेव्हा त्याचे इंग्रजी नाव आयरिश चळवळीवरूनच घेतले होते. ज्याचे वाचन याहून थोडे अधिक आहे, त्याला कॉर्क शहराचा महापौर टेरेन्स मॅक्स्विनी आठवतो. १९२० साली इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून त्याने देह ठेवला. इथे बहुधा आपले ज्ञान संपते. हुतात्म्यांचा आयर्लंड आपल्याला ठाऊक आहे. हुतात्म्यांनंतरचा आयर्लंड कोणी पाहिला आहे? राज्य आले, झेंडा चढला, भाषणे झाली. पण ज्या गल्लीबोळांतली पोरे त्या झेंड्यासाठी मेली, त्या गल्लीबोळांतले छप्पर गळायचे थांबले की नाही, हे विचारायला कोण गेले?

मी आज ज्या माणसाविषयी लिहिणार आहे तो हुतात्मा नव्हता. तो डब्लिन शहराचा एक नगरसेवक होता. ‘नगरसेवक’ म्हणताच काही वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, गटार-नळ-घरपट्टीचे हे राजकारण कशाला, असे त्यांना वाटेल. मला त्या आठीशीच भांडायचे आहे. मॅक्स्विनी हासुद्धा नगरपालिकेचाच माणूस होता, हे आपण विसरतो. शहराच्या नळागटारांची जबाबदारी उचलणारा माणूस आपल्याला मोठा वाटायला त्याने उपाशी मरावे लागते, हा दोष त्याचा नव्हे. आपल्या नजरेचा आहे.

माझ्या या नगरसेवकाचे नाव टोनी ग्रेगरी. त्याच्यावर आलेला आरोप असा, की १९८२ साली आयर्लंडमध्ये कोणाचेच सरकार बनेना, तेव्हा या एकट्या अपक्षाने आपले एक मत कोट्यवधी पौंडांना विकले आणि सगळ्या देशाला ओलीस धरले. आरोप अजून पुसला गेलेला नाही. ‘ग्रेगरीचा सौदा’ हे शब्द आयरिश राजकारणात एखाद्या शिवीसारखे वापरणारे लोक आहेत. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. तो सौदा होता, हे मला मान्य. मत विकले, हेही हवे तर मान्य. परंतु ते चव्हाट्यावर विकले, किंमत सर्वांसमक्ष वाचून दाखवली आणि त्या किमतीतला एक पैसाही विकणाऱ्याच्या घरी गेला नाही. असा सौदा ज्यांना पाप वाटतो, त्यांनी आधी बंद दाराआडचे सौदे मोजावेत.

पण सौद्याआधी ती पेठ पाहिली पाहिजे. डब्लिन शहराच्या मधून लिफी नदी वाहते. तिच्या उत्तर काठाला, बंदराच्या अंगाला समरहिल, शेरिफ स्ट्रीट, गार्डिनर स्ट्रीट, बॅलीबॉक अशा वस्त्या आहेत. अठराव्या शतकात यांतल्या काही रस्त्यांवर सरदार-दरकदारांचे वाडे होते. श्रीमंत निघून गेले आणि त्या वाड्यांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब कोंबले गेले. मुंबईच्या चाळीची ज्यांना सवय आहे त्यांनी ती चाळ दीडदोनशे वर्षे जुनी, ओली आणि भिंतीला टेकू दिलेली अशी कल्पावी. १९१३ साली चर्च स्ट्रीटवर अशी घरे कोसळली आणि सात माणसे मेली. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. दोष द्यायला इंग्रज होता. १९६३ च्या जून महिन्यात त्याच शहरात बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीट इथली घरे दहा-बारा दिवसांच्या अंतराने पडली आणि चार जीव गेले. त्यांत दोन लहान मुली होत्या. तेव्हा स्वराज्य येऊन ४१ वर्षे झाली होती. आता दोष कोणाला द्यायचा?

ग्रेगरी १९४७ सालच्या डिसेंबरात याच उत्तर डब्लिनमध्ये जन्मला. बाप बंदरावरच्या गोदामात कामाला, आई खेड्यातून शहरात येऊन हॉटेलात वाढण्याचे काम करणारी. दोन मुलगे आणि राहायला एक खोली. या कुटुंबाने महापालिकेकडे घर मागितले तेव्हा, सहा मुले झाली की या, असे उत्तर मिळाले, ही हकीकत त्याच्या चरित्रात येते. वाचकहो, हे उत्तर एखाद्या खाष्ट माणसाचे होते म्हणून सोडून देऊ नका. ते नियमाचे उत्तर होते. घरे इतकी थोडी आणि मागणारे इतके फार, की रांगेत पुढे सरकायला पोटच्या पोरांची संख्या दाखवावी लागे. त्या माउलीने सहा मुले होऊ दिली नाहीत. नवराबायकोने पै-पै साठवून पुढे एक लहानसे घर घेतले. पण ज्यांना पै साठवता आली नाही ते त्याच खोलीत राहिले आणि ती माणसे पोराच्या डोळ्यांसमोर राहिली.

पोरगा हुशार निघाला. महापालिकेच्या शिष्यवृत्तीवर ओकॉनेल शाळेत शिकला, सुटीत लंडनला जाऊन आइस्क्रीमच्या कारखान्यात राबला आणि विद्यापीठाची पदवी घेऊन शिक्षक झाला. इतिहास आणि फ्रेंच हे त्याचे विषय. शाळा आयरिश भाषेतून शिकवणारी. आपल्याकडच्या कोणत्याही गरीब घरच्या हुशार मुलाची हीच कथा असते आणि इथेच ती सुखान्त होते: मुलगा शिकला, मास्तर झाला, वस्ती सुटली. ग्रेगरीची वस्ती सुटली नाही.

तरुणपणी तो प्रजासत्ताकवादी चळवळीत ओढला गेला. १९७० साली शिन फेन पक्ष फुटला, तेव्हा तो डाव्या, समाजवादी म्हणवणाऱ्या फळीबरोबर राहिला. पुढे तीही सोडली. सीमस कॉस्टेलो हा त्याचा गुरू. हा कॉस्टेलो एका बाजूला क्रांतीची भाषा करी आणि दुसऱ्या बाजूला ब्रे गावच्या नगरसभेत बसून लोकांच्या घरांची कामे करी. १९७७ साली तो डब्लिनच्या रस्त्यात गोळ्या घालून मारला गेला. मारणारे परके नव्हते, फुटलेल्या चळवळीतलेच होते. त्यानंतर ग्रेगरीने त्या वाटेकडे पाठ फिरवली आणि गुरूच्या दोन अंगांपैकी एकच अंग जवळ ठेवले: नगरसभेचे. १९७९ साली तो वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या बळावर डब्लिन महापालिकेवर निवडून आला. कोणत्याही मोठ्या पक्षाचा टिळा कपाळाला नव्हता.

डावेपणाची एक जात अशी असते, की तिला जगाची क्रांती दिसते पण समोरची मोरी दिसत नाही. दुसरी जात मोरीत इतकी बुडते की तिला मोरी कोणी तुंबवली हे विचारायचे सुचत नाही. ग्रेगरी या दोन्हींतला नव्हता आणि तो मला मोलाचा वाटतो तो यासाठीच. बंदरात मोठमोठ्या पेट्यांतून माल येऊ लागला. जे काम करायला शंभर हमाल लागत ते यारी आणि दहा माणसे करू लागली. साहजिकच त्या वस्तीतला बाप बेकार झाला आणि मुलगा तर कामाला लागलाच नाही. नळाची तक्रार करताना ग्रेगरी ही गोष्टही बोलत असे. त्याची गटाराची तक्रारही अर्थशास्त्राची तक्रार होती.

आता १९८२ साल. त्या एका वर्षात आयर्लंडमध्ये दोनदा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पहिलीचे निमित्त लहान मुलांच्या बुटांचे. गॅरेट फिट्झजेराल्डच्या सरकारने जानेवारीच्या अंदाजपत्रकात मुलांच्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर कर बसवला. सरकार काठावरचे. लिमरिक शहराचा जिम केमी नावाचा एक डावा अपक्ष खासदार होता. मूळचा दगड घडवणारा गवंडी, १९७४ पासून तिथला नगरसेवक. त्याने २७ जानेवारीला विरुद्ध मत दिले आणि सरकार ८२ विरुद्ध ८१ मतांनी पडले. पोरांच्या बुटांवरून पंतप्रधान गेला म्हणून शहाणे लोक हसले. मी हसणार नाही. ज्या घरात चार पोरे आहेत आणि मिळवता एक आहे, त्या घरात बूट हाच अर्थसंकल्प असतो.

१८ फेब्रुवारीला मतदान झाले. आयरिश लोकसभेला ‘डॉइल’ म्हणतात. तिच्या १६६ जागांपैकी चार्ल्स हॉहीच्या फीना फॉल पक्षाला ८१ मिळाल्या. फिट्झजेराल्डच्या पक्षाला ६३, मजूर पक्षाला १५. बहुमत कोणालाच नाही. आणि मध्य डब्लिनमधून पहिल्यांदाच निवडून आलेला एक ३४ वर्षांचा, टाय न लावणारा शाळामास्तर एकाएकी देशाच्या तराजूचा काटा झाला. काल ज्याच्या अर्जाला महापालिकेचा कारकून उत्तर देत नव्हता, त्याच्या समरहिलच्या कचेरीचा जिना दोन्ही पक्षांचे पुढारी चढू लागले. हॉही आला, फिट्झजेराल्डही आला. ग्रेगरी आणि त्याच्या सोबत्यांनी दोघांपुढे एकच यादी ठेवली.

ती यादी पाहा. ४४० नवी घरे त्याच्या वस्तीसाठी आणि १,६०० घरे उरलेल्या डब्लिनसाठी. शहराच्या त्या भागात ५०० माणसांना काम देण्यासाठी ४० लाख पौंड. तीन वर्षांत ३,७४६ नोकऱ्या. बंदर मंडळाकडे असलेली २७ एकर जमीन सरकारने ताब्यात घेऊन लोकांच्या उपयोगाला लावावी. क्लोंडाल्किनची बंद पडलेली कागदगिरणी सरकारने चालवावी. आणि ही गिरणी त्याच्या मतदारसंघात नव्हती. सगळ्याची बेरीज त्या वेळी सुमारे १० कोटी पौंड धरली गेली. या यादीत ग्रेगरीसाठी मंत्रिपद नव्हते. महामंडळ नव्हते. मेहुण्याला ठेका नव्हता.

फिट्झजेराल्ड सभ्य गृहस्थ. त्याने जेवढे देता येईल असे वाटले तेवढेच कबूल केले. हॉहीने सगळे कबूल केले. करार लिहिला गेला, त्यावर सह्या झाल्या आणि साक्षीला मायकेल मुलन बसला. जिम लार्किनने १९०९ साली उभारलेल्या वाहतूक कामगारांच्या संघटनेचा हा सरचिटणीस. नंतर ९ मार्चला ग्रेगरीने डॉइलमध्ये उभे राहून करारातली कलमे वाचून दाखवली आणि मग मत दिले. हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधान झाला.

आता आरोपांकडे वळतो. ते एकेक करून घेऊ, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी सोयीचे तेवढे उचलले.

पहिला आरोप खंडणीचा. हॉही सही करताना माफियाच्या भाषेत काही विनोद करून गेला असे सांगतात आणि तो विनोद या आरोपाला फार उपयोगी पडला. पण खंडणी म्हणजे काय? जे आपले नाही ते धाकाने मागणे. ज्या वस्तीने साठ वर्षे कर भरला, बंदर चालवले आणि मोबदल्यात ‘सहा मुले झाली की या’ हे उत्तर ऐकले, तिने घर मागितले तर ती खंडणी? मोठे कारखानदार, जमिनीचे व्यापारी, बड्या शेतकऱ्यांचे संघ प्रत्येक अंदाजपत्रकाआधी आपली यादी घेऊन अर्थमंत्र्याकडे जातात. तिला ‘निवेदन’ म्हणतात. झोपडीतला माणूस तीच यादी घेऊन गेला की तिला ‘खंडणी’ म्हणतात. शब्दकोश कोणाच्या घरी लिहिला जातो हे यावरून कळते.

दुसरा आरोप असा, की खासदाराने देशाचा विचार करावा, गल्लीचा नव्हे. मला हे वाक्य आवडते. ते नेहमी ज्याची गल्ली चांगली आहे तोच बोलतो. देश म्हणजे आकाशात तरंगणारी वस्तू आहे काय? देश गल्ल्यांचाच झालेला असतो आणि ज्या गल्लीत तो कधी पोहोचला नाही तिथे तो अजून झालेलाच नसतो. शिवाय आरोप खराही नाही. १,६०० घरे बाकीच्या शहरासाठी होती, कागदगिरणी दुसऱ्याच्या मतदारसंघातली होती. स्वतःच्या ४४० घरांबरोबर परक्याची १,६०० घरे मागणाऱ्याला संकुचित म्हणायचे असेल, तर उदार कोणाला म्हणायचे ते सांगा.

तिसरा आरोप सर्वांत जड आहे आणि तो मी हलका करणार नाही. ग्रेगरीने ज्याला पंतप्रधान केले तो हॉही कसा होता? हाच हॉही १९८० च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवरून देशाला काटकसरीचा उपदेश करीत होता, आपण ऐपतीबाहेर जगतो आहोत असे बजावत होता. आणि पुढे चौकशी आयोगाने दाखवून दिले की १९७९ ते १९९६ या काळात त्या गृहस्थाने धनिकांकडून ९० लाख पौंडांहून अधिक रक्कम खाजगीत घेतली होती. अशा माणसाच्या हाती ग्रेगरीने राज्य दिले, असे डावेही म्हणाले आणि उजवेही म्हणाले. १९८७ साली तर कोणताही करार हाती नसताना ग्रेगरी तटस्थ राहिला. मते ८२ विरुद्ध ८२ पडली आणि सभापतीच्या निर्णायक मताने हॉही पुन्हा पंतप्रधान झाला. त्या दुसऱ्या वेळेचे समर्थन मी करणार नाही. कराराशिवाय दिलेली मदत ही उसनवारीसुद्धा नसते.

पण १९८२ च्या बाबतीत मात्र हा आरोप उलटा आरोपकर्त्यांवर जातो. त्याच माणसाशी, त्याच काळात दोन प्रकारचे व्यवहार चालू होते. एक ग्रेगरीचा: कागदावर, साक्षीदारासह, सभागृहात वाचून दाखवलेला, ज्याचा लाभ खोलीत सहाजण झोपणाऱ्यांना व्हायचा. दुसरा धनिकांचा: पाकिटात, मुकाट, ज्याचा लाभ कोणाला झाला हे शोधायला आयोग बसवावे लागले आणि वर्षे घालवावी लागली. यांपैकी कोणत्या व्यवहारावर वर्तमानपत्रे १९८२ साली तुटून पडली? पहिल्यावर! दुसरा तेव्हा दिसतच नव्हता, असे कोणी म्हणेल. तोच तर माझा मुद्दा आहे. जो सौदा दिसतो त्याला आपण दगड मारतो आणि जो दिसत नाही त्याला सलाम करतो. मग माणसे सौदे करायचे सोडत नाहीत. दाखवायचे तेवढे सोडतात. आयर्लंडमध्ये तेच झाले. १९९७ आणि २००७ सालच्या सरकारांनीही अपक्षांशी करार केले; परंतु ग्रेगरीसारखे सभागृहात उभे राहून कलमे वाचण्याची रीत काही पडली नाही.

चौथा आरोप: एवढे करून पदरात काय पडले? सरकार ४ नोव्हेंबरला पडले, फिट्झजेराल्ड परत आला आणि कराराचा बराच भाग बासनात गेला. काही घरे उभी राहिली, पुष्कळ राहिली नाहीत. हे खरे आहे. आणि त्या २७ एकरांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. ती जमीन पुढे खरोखर सरकारी योजनेखाली आली. १९८७ नंतर तिथे काचेच्या उंच इमारती चढल्या आणि जगातल्या बँकांच्या कचेऱ्या येऊन बसल्या. लोकांच्या घरांसाठी आणि कामासाठी मागितलेल्या जमिनीवर आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र उभे राहिले. शेरिफ स्ट्रीटच्या पोरांना त्या इमारती घराच्या दारातून दिसत. आत जायला मात्र त्यांच्याकडे काम नव्हते. देवाने दिले आणि दैवाने नेले म्हणावे, तर इथे दोन्ही कामे माणसांनीच केली.

पण करार मोडला म्हणून करार करणारा खोटा ठरतो, हा कुठला न्याय? ऋण बुडवणाऱ्याला सोडून सावकाराला फटके मारण्यातला हा प्रकार झाला. उलट, करार लेखी आणि जाहीर होता म्हणूनच कोणी काय मोडले ते आज माझ्यासारख्या परक्या माणसालाही बोट ठेवून सांगता येते. तोंडी आश्वासन मोडले तर त्याचा हिशेब कोण ठेवतो? नुसत्या आश्वासनाला तारीख नसते, आकडा नसतो, साक्षीदार नसतो. ग्रेगरीने राजकारण्यांच्या आश्वासनाला आकडा लावला, हाच त्याचा खरा गुन्हा.

आणि सौद्यानंतर तो घरी बसला नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर एका दिवसाच्या राजाची गोष्ट म्हणून वाचक ती बाजूला ठेवतील. बेकारीच्या मागोमाग त्या वस्तीत हेरॉइन आले. १९८३ सालच्या एका पाहणीत उत्तर मध्य डब्लिनच्या भागात १५ ते २४ वयाच्या तरुणांत दर दहांत एकजण ते घेत असल्याचे आढळले. सरकार सुस्त होते. आईबाप स्वतःच संघटित होऊन विकणाऱ्यांच्या दारावर मोर्चे नेऊ लागले. या चळवळीत हाताबाहेर जाण्याचा धोका होता आणि काही वेळा ती गेलीही. तरी बहुतेक पुढारी नाके मुरडून दूर उभे राहिले, तेव्हा ग्रेगरी त्या आईबापांच्या बाजूला उभा होता. अमली मालावर गबर झालेल्यांची मालमत्ताच जप्त करा, ही मागणी त्याने आधीपासून धरली होती. १९९६ च्या जूनमध्ये व्हेरोनिका गेरिन या पत्रकार स्त्रीचा भररस्त्यात खून झाला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि त्याच वर्षी अशी मालमत्ता जप्त करणारे खाते निघाले. श्रीमंत भागातला कोणी मरेपर्यंत गरीब भागातले मरण हे मरण धरले जात नाही, हा धडा डब्लिनपुरता नाही.

रस्त्यावर हातगाडी घेऊन फळे-फुले विकणाऱ्या बायकांना पोलीस हुसकावू लागले, तेव्हा खासदार ग्रेगरी त्यांच्याबरोबर रस्त्यात बसला. चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून दे, सुटशील, असे न्यायालयाने सांगितले. त्याने सही केली नाही आणि दोन आठवडे माउंटजॉयच्या तुरुंगात काढले. पंतप्रधानाकडून करारावर सही घेणाऱ्या माणसाने स्वतःची सही कशावर करायची नाही, हेही नीट ठरवले होते. त्याचा टाय न लावण्याचा बाणाही असाच. माझ्या मतदारांपैकी पुष्कळांना टाय परवडत नाही, असे तो म्हणे. कोणी याला नाटक म्हणाले. असेल, पण सबंध आयुष्यभर, एकदाही पडदा न पाडता केलेल्या नाटकाला आपल्या भाषेत व्रत म्हणतात.

खासदार झाल्यावरही तो पुढची वीसेक वर्षे महापालिकेत बसत राहिला. १९८२ पासून आठ सार्वत्रिक निवडणुका झाल्या; आठही वेळा त्याच वस्तीने त्याला निवडून दिले. सौदा फसला होता, घरे अर्धवट राहिली होती, तरी लोकांनी त्याला टाकले नाही. का? शहाण्यांना न कळलेली गोष्ट त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या मतदारांना कळली होती: आपल्या नावाने घेतलेले आपल्या नावावरच लिहिले गेले होते. २ जानेवारी २००९ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी तो कर्करोगाने वारला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्याची सहकारी मॉरीन ओसलिव्हन अपक्ष म्हणूनच त्या जागेवर निवडून आली.

मला ठाऊक आहे, कोणी विचारील: मग काय प्रत्येक अपक्षाने प्रत्येक सरकारला असेच अडवावे? राज्य कसे चालेल? माझे उत्तर सोपे आहे. अडवणूक आजही चालू आहे, उद्याही राहणार. काठावरच्या बहुमताचा तो स्वभाव आहे. प्रश्न एवढाच, की अडवणारा काय मागतो आणि कुठे मागतो. स्वतःसाठी मागतो की वस्तीसाठी? कानात मागतो की सभागृहात? या दोन प्रश्नांची कसोटी लावा आणि मग पाहा, तुमच्या ओळखीचे किती प्रतिष्ठित, किती संयमी, किती ‘राष्ट्राचा विचार करणारे’ पुढारी त्या बिनटायच्या मास्तराशेजारी उभे राहू शकतात.

आणि एक दुःखाची गोष्ट, जी ग्रेगरीच्या स्तुतीत झाकली जाऊ नये. त्या वस्तीचे ऐकले गेले ते एका बेरजेच्या अपघातामुळे. ८१ च्या जागी ८४ आले असते, तर हॉहीने समरहिलचा जिना चढण्याचे काही कारण नव्हते. ग्रेगरी तोच असता, यादी तीच असती, गळके छप्पर तेच असते. फक्त ऐकणारा नसता. ज्या लोकशाहीत गरिबाला घर मागण्यासाठी सरकार लटकायची वाट पाहावी लागते, तिने सौदा करणाऱ्याला नावे ठेवण्याआधी स्वतःची मान खाली घालावी.

तेव्हा नगरसेवकाच्या राजकारणाला नाक मुरडणाऱ्यांनो, आपण सगळे आज दिवे लावणार आहोत. लक्ष्मीपूजनाला वह्या उघड्या ठेवण्याची आपली रीत आहे. देवीपुढे हिशेब झाकायचा नसतो. हीच रीत सत्तेच्या देवघरात पाळा, एवढीच मागणी डब्लिनच्या या माणसाने केली आणि स्वतःची वही त्याने सर्वांत आधी उघडली. ज्यांनी आपल्या वह्या आजवर उघडल्या नाहीत, त्यांना त्याच्या हिशेबातली चूक काढण्याचा अधिकार नाही.